उजेडाचा हिशेब आणि अंतराचा हिशेब

शाळेतल्या सातवीच्या मुलांचा निरोपाचा फोटो आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. मध्ये खुर्च्यांवर गुरुजी बसलेले, पुढे सतरंजीवर लहान मुले, मागे बाकावर उभी राहिलेली उंच मुले. असा फोटो हाती आला की प्रत्येकजण प्रथम स्वतःचा चेहरा शोधतो. तो चेहरा काळा पडलेला निघाला किंवा धुरकट दिसला, तर आपण म्हणतो, "फोटोवाल्याने घोटाळा केला." पण त्या फोटोवाल्याला कळ दाबण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. पहिला प्रश्न : उजेड किती आत घ्यावयाचा आणि किती वेळ? दुसरा प्रश्न : किती अंतरापासून किती अंतरापर्यंतची माणसे स्पष्ट यावयास हवीत? पहिल्याला एक्स्पोजर म्हणतात, दुसऱ्याला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्टतेची खोली. या दोन प्रश्नांना आकड्यांत उत्तर देण्यास माणसाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम हा हिशेब आहे तरी कसला, ते पाहू. पाटाचे पाणी भाजीच्या वाफ्यांना देताना दारे धरणारा शेतकरी काय करतो? वाफा एकच, त्याला लागणारे पाणीही ठरलेले. बारे मोठे फोडले तर वाफा लवकर भरतो. लहान फोडले तर वेळ लागतो. पाणी कमी पडले तर रोप सुकते, जास्त झाले तर कुजते. कॅमेऱ्याचेही असेच आहे. भिंगाचे छिद्र म्हणजे बारे, शटर उघडे राहण्याचा काळ म्हणजे पाणी सोडण्याचा वेळ, आणि फिल्म म्हणजे वाफा. फरक एवढाच, की शेतकऱ्याला वाफा भरलेला डोळ्यांनी दिसतो. फोटोवाल्याला मात्र फिल्म धुऊन होईपर्यंत काहीच दिसत नसे.

बरे, डोळ्यांनी उजेडाचा अंदाज करावा म्हटले, तर डोळा या कामी फार फसवा साक्षीदार आहे. भर उन्हातून माजघरात आलात की क्षणभर काही दिसत नाही. पण थोड्या वेळाने सारे नीट दिसू लागते. बाहुली मोठी होते, डोळ्याचा पडदा अंधाराला सरावतो. अंगणातला उजेड माजघरातल्या उजेडाच्या शेकडो पट असला, तरी आपल्याला तो तितका वाटत नाही. ही सोय संसाराला फार चांगली, पण मोजमापाला वाईट.

आता इतिहासाकडे वळू. फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या घरांचे आणि छपरांचे चित्र कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर, डांबराच्या जातीचा लेप देऊन उमटविले. त्यासाठी कॅमेरा कित्येक तास उघडा ठेवावा लागला. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूस गेला, त्यामुळे चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन दिसते. पुढे १८३९ साली लुई दागेर याची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ते चित्र येई. तरीही कित्येक मिनिटे लागत. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात रस्ता ओसाड दिसतो. घोडागाड्या आणि माणसे चालती होती, म्हणून त्यांचा मागमूस उरला नाही. फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ एका जागी उभा राहिला, तेवढा उमटला. माणसाचा फोटो काढावयाचा तर त्याचे डोके मागून लोखंडी टेकूला टेकवून स्थिर ठेवावे लागे.

यावर पहिला उपाय निघाला तो गणितातून. व्हिएन्ना येथील प्राध्यापक जोसेफ पेत्झव्हाल याने १८४० साली माणसांच्या फोटोंसाठी नवे भिंग आखले. भिंगातून जाणाऱ्या किरणांचे गणित अतिशय लांबलचक असते. या कामी त्याला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील आकडेमोडीत तरबेज असे सैनिक मदतीला मिळाले. तोफेच्या गोळ्यांचा मार्ग आखणाऱ्या हातांनी प्रकाशाच्या किरणांचा मार्ग आखला! या भिंगाची ताकद समजावयाची तर एक साधा भागाकार करावा लागेल, आणि तोच आपल्या साऱ्या विषयाचा पाया आहे.

भिंगाच्या केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागावे, म्हणजे जो आकडा येतो त्याला एफ-आकडा म्हणतात. पन्नास मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाचे छिद्र पंचवीस मिलिमीटर असेल तर एफ २. सव्वासहा मिलिमीटर असेल तर एफ ८. आकडा वाढला की छिद्र लहान झाले, हे नवशिक्याला उलटे वाटते; पण भागाकार लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही. व्यास दुप्पट केला की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून उजेडही चौपट येतो. दागेरच्या काळचे भिंग सुमारे एफ १५ चे होते, पेत्झव्हालचे एफ ३.६ चे. म्हणजे आकडा सुमारे चौपट कमी, आणि उजेड सुमारे सोळापट अधिक! मिनिटांचे काम सेकंदांवर आले. कॅमेऱ्यावर जे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले दिसतात, त्यांतही हाच हिशेब आहे. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो.

हे आकडे सर्वत्र एकसारखे होण्यासही वेळ लागला. लंडनच्या छायाचित्रण संस्थेने १८८१ मध्ये वेगळीच पद्धत सुचविली होती. तिच्यात १६ म्हणजे एफ १६ च. पण ८ म्हणजे एफ ११, आणि ४ म्हणजे एफ ८. जुन्या कोडॅक कॅमेऱ्यांवर हे आकडे आढळतात. एखाद्या शिक्षकाच्या हाती असा जुना कॅमेरा आला तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकी एक. त्या सुमारास ओल्या काचेची रीत चालू झाली होती. इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, आणि थर ओला आहे तोवरच फोटो घेऊन लगेच धुवावयाचा. आपल्या उन्हाळ्यात तो थर किती लवकर सुकत असेल, याची कल्पना करा. पण या रीतीत एक गुण होता. फोटोवाला स्वतः काच तयार करी आणि जागच्या जागी धुऊन पाही. चूक झाली तर दुसरी काच तयार करी. त्याचा अंदाज रोजच्या सरावाने बसलेला असे, पण तो त्याच्या बोटांत असे. चेल्याने वर्षानुवर्षे गुरूजवळ राहावे, तेव्हा तो थोडाफार उचलावा.

१८७१ साली डॉ. रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढच्या काही वर्षांत अशा काचा कारखान्यांत तयार होऊन पेट्यांतून विकल्या जाऊ लागल्या. केवढी सोय झाली! पण एक अडचणही उभी राहिली. या काचा फार चपळ होत्या, सेकंदाच्या लहानशा भागात काम होई. शिवाय एका कारखान्याची काच दुसऱ्यासारखी नसे. जुना सराव कुचकामी ठरला. आता ठरवावयाचे कसे?

हा प्रश्न इंग्लंडच्या विड्नेस गावी दोघा मित्रांनी हाती घेतला. फर्डिनांड हर्टर हा मूळचा स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो ड्रिफिल्ड हा इंजिनियर. दोघेही रसायनांच्या कारखान्यात नोकरीस. ड्रिफिल्डला फोटोचा नाद होता. त्याने तो हर्टरला लावला. पण ज्याचा व्यवसाय तराजूचा, त्या हर्टरला ही अंदाजपंचे विद्या पटेना. दोघांनी मेणबत्तीचा ठराविक उजेड ठराविक अंतरावरून काचेवर पाडला, दर वेळी तो दुप्पट करीत नेला, आणि काच किती काळी झाली ते मोजले. १८९० मध्ये त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक वक्ररेषा होती : सुरुवातीला सपाट, मग सरळ चढत जाणारी, शेवटी पुन्हा सपाट. सपाट भागात उजेड कमी पडला तर तपशील उमटतच नाही, अति झाला तर सारे एकसारखे काळे होते; मधल्या सरळ चढणीवरच खरी छटा मिळते. त्या काळी कित्येक फोटोवाले म्हणत, एक्स्पोजर चुकले तरी धुताना सारे सुधारता येते. हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी दाखवून दिले, की मुळात जे उमटलेच नाही ते धुऊन आणता येत नाही. यावर मोठा वाद झाला, टीकाही झाली. पण ती वक्ररेषा टिकली. त्याआधी १८८८ मध्येच या दोघांनी ॲक्टिनोग्राफ नावाच्या साधनाचे पेटंट घेतले होते. ती एक सरकपट्टीच होती. अक्षांश, महिना, दिवसाची वेळ, काचेची चपळता आणि छिद्र एवढे जुळविले की किती वेळ उघडे ठेवावे ते वाचता येई.

हा हिशेब आधी करून ठेवण्याची खरी कसोटी महाराष्ट्राच्याच भूमीवर एकदा लागली. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे ते चांगले दिसणार, म्हणून पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी तेथे तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन जेऊरलाच आले होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. सूर्याभोवतीचा प्रभामंडळ आतल्या बाजूस तेजस्वी, बाहेर अगदी फिका. एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही येणे शक्य नाही, म्हणून काही काचांना थोडा वेळ आणि काहींना अधिक वेळ द्यावयाचा, हा क्रम आधीच ठरवून त्याची तालीम करावी लागते. त्या दोन मिनिटांत विचार करीत बसलात तर ग्रहण संपून जाते. अशा वेळी अंदाजाला जागा नाही; आकडाच हवा.

सामान्य माणसापर्यंत आकडा पोहोचविला तो उजेड मोजणाऱ्या यंत्रांनी. हिअरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्सने १८९० मध्ये एक मीटर काढला. पुढे तो खिशातल्या घड्याळाएवढा झाला. त्यात उजेडाने काळवंडणारा कागद असे. शेजारच्या ठराविक रंगाइतका तो काळा व्हावयास किती सेकंद लागतात ते मोजावयाचे, आणि त्यावरून तबकडी फिरवून उत्तर काढावयाचे. उजेड पडला की सेलेनियम या मूलद्रव्याच्या विद्युत्‌गुणांत फरक पडतो, हे १८७३ पासून ठाऊक होते. त्याचा उपयोग करून १९३२ मध्ये अमेरिकेच्या वेस्टन कंपनीने काट्याचा मीटर बाजारात आणला. १९४३ मध्ये फिल्मच्या चपळतेचे ए.एस.ए. हे प्रमाण ठरले. आज फिल्मवर आणि डिजिटल कॅमेऱ्यावर आय.एस.ओ. म्हणून जो आकडा दिसतो, तो त्याच घराण्यातला. मीटर नसेल तर एक सोपा नियम आहे. स्वच्छ उन्हात एफ १६ ठेवावे आणि फिल्मचा जो आकडा असेल तितकावा भाग सेकंद द्यावा. १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग.

झाला उजेडाचा हिशेब. आता अंतराचा. खरे पाहता भिंग एका वेळी एकाच अंतरावरचे नेमके स्पष्ट दाखविते. त्याच्या पुढचा किंवा मागचा ठिपका फिल्मवर ठिपका न राहता लहानशी चकती होतो. पण चकती पुरेशी लहान असली तर डोळ्याला ती ठिपकाच वाटते. हातात धरलेल्या फोटोत पाव मिलिमीटरपर्यंतची चकती खपून जाते. १९२५ मध्ये जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला. त्याची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर एवढी चिमुकली. तिच्यावरून साडेसातपट मोठा फोटो करावयाचा तर निगेटिव्हवर चकती मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहून मोठी होता कामा नये. छिद्र लहान केले की किरणांचा शंकू निमुळता होतो आणि चकती लहान होते. म्हणून लहान छिद्राने स्पष्टतेची खोली वाढते.

आता आपला शाळेचा फोटो घ्या. पुढची रांग कॅमेऱ्यापासून ४ मीटर, शेवटची ६ मीटर. फोकस कोठे करावा? पुष्कळजण म्हणतील, मधोमध ५ मीटरवर. पण गणित म्हणते, दोन्ही अंतरांच्या गुणाकाराची दुप्पट करा आणि बेरजेने भागा. चार सक चोवीस, दुप्पट अठ्ठेचाळीस, भागिले दहा : ४.८ मीटर. म्हणजे मध्यापासून किंचित अलीकडे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने ४.८ मीटरवर फोकस करून एफ २ ठेवले तर सुमारे ४.२५ पासून ५.५ मीटरपर्यंतच स्पष्ट येईल. सतरंजीवरची मुले आणि बाकावरची मुले दोन्ही धूसर. एफ ४ ठेवले तर सुमारे ३.८ पासून ६.४ मीटरपर्यंत स्पष्ट, सारी शाळा आत आली. पुढे कॅमेऱ्यांच्या भिंगांच्या नळीवरच ही अंतरे कोरलेली असत, त्यामुळे गुणाकार न करताही ती वाचता येत. त्याच भिंगाने एफ ८ ठेवून ९.४ मीटरवर फोकस केला तर ४.७ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. या अंतराला हायपरफोकल अंतर म्हणतात. साध्या डबा-कॅमेऱ्यांत फोकस करावाच लागत नसे, याचे रहस्य हेच. छिद्र लहान आणि अंतर कारखान्यातच बसविलेले.

मग सर्वांत लहान छिद्रच नेहमी का ठेवू नये? येथे दोन्ही हिशेब एकमेकांस भिडतात, कारण छिद्र दोघांचेही एकच आहे. व्हरांड्याबाहेरच्या सावलीत एफ ५.६ ला सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरत असेल, तर एफ १६ ला पंधरावा भाग लागेल. तेवढ्यात एखादे मूल मान हलविते, दुसरे शेजाऱ्याला चिमटा काढते! खोली मिळविली, पण मूल हलले. प्रत्येक फोटोत अशी देवाणघेवाण असते. आकडा किंमत सांगतो. काय विकत घ्यावयाचे ते माणसाने ठरवावयाचे.

ही देवाणघेवाण ज्याने मनापासून अभ्यासिली, तो अमेरिकेचा ॲन्सेल ॲडम्स. १९३२ मध्ये त्याने आणि मित्रांनी स्थापन केलेल्या मंडळाचे नावच 'ग्रुप एफ ६४' होते. अगदी लहान छिद्र, आणि जवळच्या गवतापासून दूरच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट, असा त्यांचा आग्रह. १९४१ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याजवळून जाताना त्याला एक दृश्य दिसले : चंद्र उगवलेला, आणि मावळतीचे शेवटचे ऊन दफनभूमीतील पांढऱ्या क्रूसांवर. घाईत मीटर सापडेना. पण चंद्राची प्रभा दर चौरस फुटास सुमारे २५० कँडल असते, हे त्याला पाठ होते. चंद्र मध्यम करड्या छटेपेक्षा दोन पायऱ्या उजळ हवा, म्हणून मधली छटा २५० चा चौथा हिस्सा, सुमारे ६०. फिल्म ६४ ची. तिचे वर्गमूळ ८. एफ ८ ला सेकंदाचा साठावा भाग. भिंगावरच्या पिवळ्या काचेसाठी तिप्पट, म्हणजे विसावा. खोलीसाठी एफ ३२ हवा, म्हणजे सोळापट. उत्तर : सुमारे एक सेकंद. त्याने एक फोटो घेतला. दुसरा घेण्यापूर्वी क्रूसांवरचे ऊन गेले. तारीख त्याने टिपली नव्हती. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी चित्रातील चंद्राच्या स्थितीवरून गणित करून ती १ नोव्हेंबर १९४१ अशी ठरविली.

आज हे सारे गणित खिशातला फोन करतो. त्याचे भिंग अवघ्या काही मिलिमीटर केंद्रांतराचे, म्हणून जवळून दूरवर बहुतेक सारे आपोआप स्पष्ट येते. पार्श्वभूमी धूसर दिसते ती पुष्कळदा नंतर हिशेबाने केलेली असते. मग आपण शिकावयाचे कशाला?

याचे कारण असे, की मीटर किंवा फोन यांना उजेड कळतो, माणूस कळत नाही. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करडे मानून ते उत्तर देतात. फोन चेहरे ओळखू लागला आहे हे खरे, तरी सावळ्या चेहऱ्याचे मूल चुन्याने रंगविलेल्या पांढऱ्या भिंतीपुढे उभे केले, की यंत्र पुष्कळदा त्या लख्ख भिंतीला भुलते आणि उजेड आवरून घेते. भिंत सुरेख करडी येते आणि मुलाचा चेहरा काळा ठिक्कर होतो. त्या मुलाचा रंग दोषी नाही, ऊनही दोषी नाही; प्रश्नच चुकीचा विचारला गेला. फोनच्या पडद्यावर मुलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे बहुतेक फोन तेथील उजेड मोजतात. मीटर असेल तर चेहऱ्याजवळ नेऊन मोजावे. किंवा मुलाला भिंतीपासून बाजूला घेऊन उघड्या सावलीत उभे करावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक सूचना आहे. वर्गात गुणोत्तर, वर्गमूळ, वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकविताना या विषयाचा उपयोग करावा. एखाद्या जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावरचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि ते असेच का, हे मुलांनाच शोधू द्यावे. पेत्झव्हाल, हर्टर, ड्रिफिल्ड यांनी जी विद्या एका माणसाच्या बोटांतून काढून कागदावर मांडली, ती आता कोणालाही शिकता येते. पुढच्या वर्षीच्या निरोपाच्या फोटोत कोठे फोकस करावयाचा आणि कोणाच्या चेहऱ्यावरून उजेड मोजावयाचा, हे सातवीच्या मुलांनी स्वतः सांगावे. मग शेवटच्या रांगेतल्या मुलालाही आपला चेहरा शोधताना डोळे बारीक करावे लागणार नाहीत.